परसातला पत्र्याचा बोगदा: बॉम्ब पडत असताना त्यात माणसं वाचायची कशी?

२०२५ च्या मे महिन्यात २४४ सिव्हिल डिफेन्स जिल्ह्यांत मॉक ड्रिल घ्यायचं ठरलं, भोंगे वाजणार म्हणून बातम्या आल्या, आणि त्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर जो काही धुमाकूळ झाला तो विचारू नका. कुणी म्हणे बेसमेंट पार्किंग रिकामं करा, कुणी म्हणे पाण्याच्या टाकीशेजारी खंदक खणू, एका काकांनी तर बंकरचं कोटेशन मागवलं म्हणे, नंतर कळलं ते बोअरवेलवाल्याचं होतं. आईला हे सगळं वाचून दाखवलं तर ती हसत सुटली. एकाहत्तरच्या युद्धात ती नऊ वर्षांची होती, दादरच्या चाळीत. खिडक्यांना खाकी कागद, गाड्यांच्या हेडलाइटला अर्धा काळा रंग, भोंगा झाला की सगळी पोरं जिन्याखाली. "जिन्याखाली का गं?" विचारलं तर म्हणाली, "अगं सांगायचे, म्हणून बसायचो. तिथे कोळशाची पोती होती, फ्रॉक काळा व्हायचा, आजी ओरडायची."

जिन्याखालीच का, हा प्रश्न तेव्हा माझ्या डोक्यात राहून गेला. त्याचं उत्तर मिळालं ते थेट इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्रीला, मावसभावाच्या भाड्याच्या घरामागे.

त्याच उन्हाळ्यात मी त्याच्याकडे गेले होते. मागे छोटंसं गार्डन, आणि गार्डनच्या टोकाला जमिनीत अर्धी गाडलेली, वरून गोल, पत्र्याची एक गंजकी शेड. आत गवत कापायचं मशीन, एक मोडकी सायकल, रंगाचे डबे. भाऊ म्हणाला, "ताई, घरमालक म्हणतो ही पाडायची नाही, जुनी आहे." शेजारच्या आजींना विचारलं तर त्या अगदी सहज म्हणाल्या, अरे तो अँडरसन आहे, आमच्याकडेही होता. म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला बॉम्बपासून वाचायचा घरगुती निवारा. मी वाकून आत शिरले आणि पहिला विचार आला तो हाच की ह्या पत्र्याच्या डब्यात माणूस वाचेल कसा, हा तर आपल्या गोठ्यावर असतो तसला पत्रा!

तर हा लेख त्या डब्याबद्दल.

डबा म्हणजे नेमकं काय

जस्ताचा मुलामा दिलेले पन्हाळी पत्रे, म्हणजे आपण जीआय पत्रा म्हणतो तेच, पोलादाचे, फक्त वाकवलेले. दोन्ही बाजूंना तीन-तीन वाकडे पत्रे उभे करायचे आणि वर माथ्याला बोल्टने जोडायचे, झाली कमान. पुढे-मागे सरळ पत्रे लावायचे, पुढच्या बाजूला आत शिरायला भोक. आतून लांबी साडेसहा फूट, रुंदी साडेचार फूट, उंची मधोमध सहा फूट. मी टेप लावून मोजलं, मुंबईतल्या वन बीएचकेचं बाथरूम असतं ना, तेवढी जागा. त्यात सहा माणसं धरलेली.

पण हा डबा नुसता गार्डनमध्ये ठेवायचा नव्हता. आधी चार फूट खोल खड्डा खणायचा, त्यात डबा बसवायचा आणि खड्ड्यातून निघालेली माती वर टाकायची, माथ्यावर कमीत कमी १५ इंच. खणायचं कुणी? घरच्यांनीच. सरकार पत्रे, नट-बोल्ट आणि सूचनांचा कागद पोचवणार, पुढचं फावडं-कुदळ तुमची. आपल्याकडे ऑनलाइन कपाट मागवलं की सुटे भाग येतात आणि नवरा-बायको रविवारभर स्क्रू शोधत बसतात, तसंच, फक्त इथे चूक झाली तर कपाटाचं दार वाकडं लागण्यावर भागत नव्हतं.

१९३८ साली विल्यम पॅटरसन आणि ऑस्कर कार्ल केरिसन या दोन इंजिनिअरांनी हे डिझाइन केलं. पहिले डबे लंडनच्या इस्लिंग्टन भागात २५ फेब्रुवारी १९३९ ला पोचले, युद्ध सुरू व्हायच्या सहा महिने आधी. वर्षाला २५० पौंडांपेक्षा कमी कमाई असलेल्या घरांना फुकट, बाकीच्यांना साधारण ७ पौंडांना. युद्ध सुरू होईपर्यंत सुमारे १५ लाख वाटून झाले होते आणि युद्धात आणखी २१ लाखांच्या आसपास. नाव पडलं ते सर जॉन अँडरसन यांच्यावरून, हवाई हल्ल्यांपासून बचावाचं खातं तेव्हा त्यांच्याकडे होतं (डिझाइन तपासणाऱ्या इंजिनिअरांतही एक डेव्हिड अँडरसन होते, त्यांच्यावरून पडलं असंही काही जण म्हणतात). हे जॉन अँडरसन त्याआधी १९३२ ते १९३७ बंगालचे गव्हर्नर होते, आणि १९३४ साली दार्जिलिंगजवळ लेबाँगच्या रेसकोर्सवर क्रांतिकारकांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या होत्या, त्यातून ते वाचले. पुढे जाऊन लाखो ब्रिटिश घरांच्या परसात ह्या माणसाचं नाव गाडलं जाणार होतं, तेही अक्षरशः.

आधी हे बघू की बॉम्ब माणसाला मारतो कसा

आपल्या डोक्यात बॉम्ब म्हणजे थेट अंगावर पडणारा बॉम्ब. सिनेमात तसंच दाखवतात. पण शहरावर हजार बॉम्ब पडले तर त्यातला एखादा नेमका तुमच्या डोक्यावर पडण्याची शक्यता कमी, तुमच्या गल्लीत, मागच्या गल्लीत, शेजाऱ्याच्या अंगणात पडण्याची शक्यता त्याच्या कितीतरी पट. म्हणजे बहुतेक लोकांचा सामना होतो तो शेजाऱ्याच्या बॉम्बशी. ही एक गोष्ट पक्की डोक्यात बसली की पुढचं सगळं सोपं आहे.

हा शेजारचा बॉम्ब तुम्हाला तीन प्रकारे गाठतो. (आग हा चौथा प्रकार, त्याचं पुढे बोलू.)

पहिला, धमाक्याची लाट, इंग्रजीत ब्लास्ट. दिवाळीत खालच्या गल्लीत सुतळी बॉम्ब फुटतो आणि तिसऱ्या मजल्यावर खिडकीच्या काचा खडखडतात, ती हवाच असते, एकदम ढकललेली. खरा बॉम्ब म्हणजे तीच गोष्ट अतोनात मोठी. आधी हवा ढकलते, मग लगेच उलटी ओढते, म्हणून कित्येकदा घरांच्या काचा आणि भिंती आत न पडता बाहेर रस्त्यावर पडायच्या.

दुसरा, बॉम्बच्या कवचाचे तुकडे. लोखंडी कवच फुटून धारदार तुकडे चहूकडे उडतात. हे जमिनीलगत आडवे आणि वरच्या दिशेने जातात, जमिनीत शिरून खड्ड्यातल्या माणसाला शोधत येत नाहीत. पावसाळ्यात एसटी डबक्यातून गेली की रस्त्याच्या कडेला उभा असलेला माणूस चिखलाने माखतो आणि शेजारच्या चरात उतरलेला कोरडा राहतो, तसं.

तिसरा प्रकार मला आधी सुचलाच नव्हता, आणि लोकांना मारण्यात त्याचा वाटा फार मोठा. स्वतःचं घर. बॉम्ब पडतो शेजारी, धक्क्याने तुमच्या घराची भिंत सरकते, तिच्यावरचा मजला खाली येतो, त्याच्यावरचं छप्पर खाली येतं, आणि माणसं ढिगाऱ्याखाली. ज्या घरात सुरक्षित वाटतं तेच अंगावर येतं.

आईचा जिना आठवा आता. दगडी किंवा काँक्रीटचा जिना हा बिल्डिंगमधला त्यातल्या त्यात धट्टाकट्टा भाग, आणि तिथे काचा नाहीत. कोळशाची पोती मात्र होती.

ठीक आहे, पण पत्रा? चेष्टा आहे का?

इथे खरी गंमत आहे, म्हणून जरा थांबून सांगते.

एक साधा कागद घ्या, दोन पुस्तकांच्या मध्ये पुलासारखा ठेवा, त्यावर पेन ठेवलं की कागद लवतो. आता तोच कागद उन्हाळ्यात पोरं पंखा करतात तसा घड्या घालून ठेवा, पेनच काय, लहानशी वाटीसुद्धा पेलेल. कागद तोच, जाडी तीच, घड्यांनी ताकद आली. पन्हाळी पत्र्याचं तेच आहे. वर त्याला कमान केली, म्हणजे वरून आलेला भार एकाच जागी न पडता दोन्ही बाजूंनी खाली जमिनीत जातो. आपल्या जुन्या देवळांच्या, किल्ल्यांच्या दरवाज्यांच्या कमानी काय वेगळं करतात?

मग माती. ढाल म्हणून खरं काम मातीचं. बॉम्बचे तुकडे मातीत घुसतात आणि अडकतात, धक्का मातीत विरतो. बांधकामाच्या साइटवरच्या रेतीच्या ढिगात जोरात गुद्दा मारून बघा, हात दुखतो पण ढीग हलत नाही, पलीकडे बसलेल्या मांजरालाही कळत नाही. आणि खड्डा, त्याने तर तुम्ही आडव्या तुकड्यांच्या वाटेतूनच बाजूला झालात.

पत्र्याचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे तो वाकतो. आपल्याला वाटतं मजबूत म्हणजे कडक, जाड, न हलणारं. पण क्रिकेट खेळलेल्या कुणालाही विचारा, कडक हातांनी कॅच घेतला तर बॉल उसळतो आणि बोटं सुजतात, हात मागे घेत मऊ हातांनी घेतला तर बॉल बसतो. पोलादी पत्रा मऊ हातांनी कॅच घेतो. जमिनीचा हादरा आला की तो दबतो, चेपतो, पण तडकून फुटत नाही. विटांची भिंत तडकते. म्हणून कधीकधी असं दिसायचं की अख्खं घर भुईसपाट, शेजारी भलामोठा खड्डा, आणि परसातला डबा वेडावाकडा होऊन उभा, आतून माणसं धूळ झटकत बाहेर येतायत.

आणि तो घरापासून लांब असल्यामुळे तिसरा खुनी, म्हणजे स्वतःचं घर, तोही टळला. एवढ्याशा डब्यात एवढा विचार आहे!

थेट डोक्यावरच पडला तर?

तर संपलं. ह्यात लपवण्यासारखं काही नाही, सरकारनेही लपवलं नव्हतं. थेट बॉम्बपासून वाचायचं तर कितीतरी फूट काँक्रीट किंवा खोल जमीन लागते, १५ इंच मातीचं ते काम नाही.

पण इथे एक हिशोब आहे, तो थोडा निष्ठुर वाटेल. समजा पाचशे माणसांना एका मोठ्या निवाऱ्यात एकत्र बसवलं आणि त्याच्यावर थेट बॉम्ब पडला, तो निवारा तेवढा भक्कम नसेल तर पाचशे गेले. तीच पाचशे माणसं शंभर परसांत पाच-पाच अशी विखुरली तर त्याच बॉम्बने पाच जातात. भाजीवालीसुद्धा सगळी अंडी एका टोपलीत नेत नाही. ह्या धोरणाला ते लोक पांगापांग म्हणायचे, म्हणजे शब्द त्यांचा वेगळा, अर्थ हाच.

दुसरा फायदा वेळेचा. भोंगा झाला की हातात मिनिटं मोजकी. म्हातारे सासरे, झोपलेली पोरं, रात्रीचा ब्लॅकआउट, रस्त्यावर एक दिवा नाही, अशात अर्धा मैल चालत सार्वजनिक निवाऱ्यात जायचं की स्वयंपाकघराच्या दारातून वीस पावलं? आणि मगाशी आग म्हणाले ना, जर्मन विमानं आग लावणारे छोटे बॉम्ब शेकड्यांनी टाकायची, त्यातला एखादा घराच्या माळ्यावर पडला तर लगेच बादलीभर वाळू टाकली की विझतो, पण त्यासाठी कुणीतरी घराजवळ असायला हवं ना.

मग खोल भुयारं का नाही खणली?

हाच प्रश्न तेव्हाही विचारला गेला, आणि विचारणारा माणूस साधा नव्हता. जे. बी. एस. हाल्डेन, मोठे जीवशास्त्रज्ञ, पहिल्या महायुद्धात स्वतः लढलेले, स्पेनच्या यादवी युद्धात जाऊन शहरांवरचे बॉम्बहल्ले डोळ्यांनी बघून आलेले. त्यांचं म्हणणं, लोकांना पत्र्याचे डबे कसले देता, लंडनखाली खोल बोगदे खणा. (हेच हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, कोलकात्यात काम केलं, भारताचं नागरिकत्व घेतलं आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.)

सरकारने ह्यावर एक परिषद नेमली, अध्यक्ष लॉर्ड हेली. हे म्हणजे पंजाबचे आणि नंतर संयुक्त प्रांताचे गव्हर्नर राहिलेले हेली, ज्यांच्या नावाने आताच्या जिम कॉर्बेट पार्कचं पहिलं नाव हेली नॅशनल पार्क होतं. लंडनच्या लोकांनी कुठे लपायचं हे ठरवायला बंगालचा एक माजी गव्हर्नर, पंजाबचा दुसरा माजी गव्हर्नर आणि विरोधात पुढे भारतीय होणारा शास्त्रज्ञ, मला तर हे वाचताना फार मजा आली. परिषदेने १९३९ मध्ये भुयारांना नाही म्हटलं. कारणं काय, तर खर्च, लागणारा वेळ, तिथपर्यंत पोचायचा प्रश्न, आणि एक भीती अशीही की लोक एकदा खाली गेले की वर येणारच नाहीत, कारखाने बंद पडतील. अँडरसननी पार्लमेंटमध्ये म्हटलं होतं त्याचा अर्थ असा की देशातल्या मोठ्या जनतेला गुहेत राहणाऱ्यांचं जिणं जगायला लावायची आमची तयारी नाही.

मला विचाराल तर वेळेचं कारण खरं होतं. हल्ला उद्या होईल की परवा ह्याचा पत्ता नाही, १९३७ च्या सरकारी अंदाजात पहिल्या साठ दिवसांत सहा लाख माणसं मरतील असा आकडा होता (पुढे तो फारच जास्त ठरला, पण तेव्हा कुणाला माहीत), आणि बोगदे खणायला वर्षं लागतात. पत्रे कारखान्यातून आठवड्यांत निघतात. पण लोक वर येणारच नाहीत ही भीती, ती मात्र साहेबी वाटते. पुढे लोक रात्री भुयारी रेल्वेच्या स्टेशनात झोपले आणि सकाळी उठून कामाला गेलेच की! सुरुवातीला स्टेशनात झोपायला बंदी होती, लोकांनी साधं तिकीट काढलं आणि बाहेरच आले नाहीत, करणार काय? सरकारला मान तुकवावी लागली. आणि मग सरकारने स्वतःच लंडनमध्ये आठ खोल निवारे खणले, म्हणजे हाल्डेन अगदीच चुकीचे नव्हते.

तरी भुयार म्हणजे अमरपट्टा नाही. १४ ऑक्टोबर १९४० ला बॅलम स्टेशनवर रस्त्यावर बॉम्ब पडला, वरची पाइपलाइन फुटून पाणी आणि चिखल बोगद्यात आला, साठाहून जास्त माणसं गेली. आणि ३ मार्च १९४३ ला बेथनल ग्रीन स्टेशनच्या जिन्यावर अंधारात एक बाई पडली, मागून गर्दी येतच राहिली, १७३ माणसं चेंगरून गेली. तिथे त्या रात्री बॉम्ब पडलाच नव्हता. एलफिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावरची चेंगराचेंगरी ज्यांना आठवते त्यांना हे जास्त समजावून सांगायला नको.

ज्याच्याकडे परसच नाही त्याने काय करायचं?

हा ह्या सगळ्या योजनेचा दुखरा भाग. गार्डन असलेल्या घरांसाठी डबा ठीक, पण लंडनच्या ईस्ट एंडमध्ये गोदीवर काम करणारे लोक दाटीवाटीच्या घरांत, मागे फरसबंदी चौक किंवा तेही नाही. आपल्या गिरणगावातल्या चाळीत कुठे खणणार चार फूट खड्डा? आणि बॉम्ब सगळ्यात आधी पडले ते ह्याच लोकांवर, कारण गोदी तिथे.

त्यांच्यासाठी रस्त्यात विटांचे निवारे बांधले, वर काँक्रीटचा स्लॅब. त्यातल्या काहींत सिमेंटऐवजी नुसता चुना वापरला गेला, सरकारी सूचनाच गोंधळाची होती, आणि धक्का बसला की विटा सरकायच्या आणि स्लॅब आतल्यांवर बसायचा. लोकांचा विश्वास उडाला तो उडालाच. कंत्राट, माल आणि कागदावरची सूचना, हे प्रकरण आपल्याला नवीन नाही.

मग १९४१ च्या मार्चमध्ये दुसरा निवारा आला, घरातला. तोवर अँडरसनच्या जागी हर्बर्ट मॉरिसन गृहमंत्री झाले होते म्हणून ह्याचं नाव मॉरिसन. साडेसहा फूट लांब, चार फूट रुंद, अडीच फूट उंच पोलादी टेबल, खालून चारी बाजूंना जाळी. दिवसा त्यावर जेवायचं, रात्री त्याच्याखाली गादी टाकून झोपायचं, थोडक्यात पिंजराच. डिझाइन प्रोफेसर जॉन बेकर यांचं, आणि त्यांची कल्पना पुन्हा मऊ हातांच्या कॅचचीच. वरचा मजला कोसळला तर टेबल काही इंच चेपेल, चेपण्यातच धक्का खाऊन टाकेल, पण आतला माणूस चिरडणार नाही. स्टीलचा डबा हातातून पडला की पोचा येतो, काचेची बरणी पडली की चुरा होतो, बेकरना पोचा हवा होता. थेट फटका बसलेल्या किंवा फार मोडतोड झालेल्या ४४ घरांची पाहणी झाली, ज्यांत मॉरिसन होते. आत मिळून १३६ माणसं, त्यातली तीन गेली, १३ जबर जखमी, १६ जणांना किरकोळ लागलं, बाकीची धडधाकट. घरं मात्र पडलेली.

डबा होता, पण लोक त्यात झोपत होते का?

आता मला ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला ते. कॉव्हेंट्रीच्या त्या शेडमध्ये मी दहा मिनिटं बसून बघितलं. ऑगस्ट महिना, बाहेर छान ऊन, आणि आत ओल. पत्र्याच्या आतल्या बाजूला दव साठून थेंब खाली येत होते, एक मानेवर पडला तेव्हा दचकले. जमिनीवर पाय ठेवला तर चिखल. बोल्ट गंजून पत्र्याशी एकजीव झालेले. मधोमध ताठ उभं राहता येत होतं, जरा बाजूला सरकलं की डोकं पत्र्याला. आता हेच नोव्हेंबरमध्ये, रात्री, अंधारात, शेजारी रडणारं बाळ, कोपऱ्यात झाकण लावलेली बादली (कशासाठी ते समजून घ्या), आणि डोक्यावर विमानांची घरघर.

चार फूट खड्डा खणला की इंग्लंडमध्ये कित्येक ठिकाणी पाणी लागतं, मग पाऊस. लोकांनी खाली काँक्रीट केलं, कोपऱ्यात पाणी साठायला खळगा ठेवला, सकाळ-संध्याकाळ पाणी उपसायचं. फळ्यांचे बंक केले, दाराला घोंगडी लावली, आत मेणबत्ती. वरच्या मातीत भाज्या आणि फुलं लावली, कारण युद्धात धान्य-भाजीची टंचाई आणि सरकार सांगतंय जागा मिळेल तिथे पिकवा. डोक्यावर भाजीचा वाफा आणि खाली सहा माणसं!

७ सप्टेंबर १९४० पासून लंडनवर सलग ५७ रात्री बॉम्ब पडले. त्या नोव्हेंबरमध्ये लंडनमध्ये मोजणी झाली की लोक रात्री झोपतात कुठे. भुयारी रेल्वेत साधारण ४ टक्के, सार्वजनिक निवाऱ्यांत ९ टक्के, घरगुती निवाऱ्यांत २७ टक्के. बेरीज केलीत? चाळीस. उरलेले साठ टक्के आपापल्या घरात, बिछान्यात, जिन्याखाली, टेबलाखाली.

म्हणजे काय, तर पहिले काही दिवस माणूस भीतीने डब्यात जातो, पण महिनाभर रोज रात्री ओल्या थंड खड्ड्यात झोपून सकाळी सातला फॅक्टरीत जायचं म्हटलं की एक दिवस तो म्हणतो, मरू दे, आज पलंगावरच झोपतो. ह्याला मूर्खपणा म्हणायची माझी तरी हिंमत नाही. हेल्मेट गरम होतं म्हणून आरशाला लटकवून गाडी चालवणारे आपण! डिझाइन करणाऱ्याने बॉम्बचा विचार केला होता, पण चाळिसाव्या रात्रीच्या कंटाळ्याचा कुणी केला नव्हता, आणि मॉरिसनचं खरं यश तिथे आहे असं मला वाटतं. ते काही अँडरसनपेक्षा फार भारी कवच नव्हतं, पण ते घरात होतं, कोरडं होतं, उबेत होतं, म्हणून लोक त्यात झोपले.

आपल्याकडे ह्याचा काय संबंध?

एक तर सरळ आहे. जम्मूच्या सीमेवरच्या गावांसाठी आणि राजौरी-पूंछसाठी केंद्र सरकारने मंजूर केलेले १४,४६० बंकर, त्यातले १३,०२९ घरगुती आणि १,४३१ सामूहिक. घरगुती बंकर १६० चौरस फुटांचा, आठ माणसांसाठी. अँडरसनचं क्षेत्रफळ काढलं तर सुमारे २९ चौरस फूट, सहा माणसांना. म्हणजे माणशी पाच फुटांवरून वीस फुटांवर आलो, आणि पत्र्याऐवजी काँक्रीट. पण कल्पना तीच, निवारा घराला लागून हवा, कारण तोफेचा गोळा येताना नोटीस देत नाही.

दुसरं उदाहरण इस्राएलचं. कोकणातून तिकडे गेलेले बेने इस्राएल लोक, ज्यांच्या घरात अजूनही मराठी ऐकू येतं, त्यांना मामाद हा शब्द रोजचा आहे. १९९१ च्या आखाती युद्धात इराकची क्षेपणास्त्रं पडल्यानंतर तिथे नियम झाला की नवीन घरात एक खोली जाड काँक्रीटची, पोलादी खिडकीची असलीच पाहिजे. एरवी ती मुलांची झोपायची खोली. म्हणजे निवारा म्हणून वेगळं कुठे जायचंच नाही, जिथे झोपता तोच निवारा.

आणि आमच्या सोसायटीचं? काकांना मी ग्रुपवर लिहिलं की टाकीशेजारी खंदक खणू नका, पहिल्या पावसात त्यात डास होतील आणि महापालिकेची नोटीस येईल. भोंगा वाजलाच तर काचांपासून लांब, बाहेरच्या भिंतीला न लागून, मधल्या पॅसेजमध्ये किंवा जिन्याशी. बेसमेंट चांगलं तेव्हाच जेव्हा त्याला बाहेर पडायचे दोन रस्ते असतील आणि पाणी भरत नसेल, आमचं बेसमेंट दोन्ही अटींत बसत नाही. ह्यावर काकांनी पसंतीच्या अंगठ्याचा इमोजी टाकला आणि अर्ध्या तासाने बोअरवेलचं कोटेशन पुन्हा टाकलं, म्हणाले आलंच आहे तर बघून घ्या, रेट चांगला आहे.

भावाचा परवा फोन होता. कॉव्हेंट्रीला आठवडाभर पाऊस, शेडमध्ये घोट्यापर्यंत पाणी. त्या शहरात १४ नोव्हेंबर १९४० च्या एका रात्रीच्या बॉम्बहल्ल्यात साडेपाचशेहून जास्त माणसं गेली होती, त्या रात्री ह्या डब्यात कुणी होतं का हे त्याने शेजारच्या आजींना विचारलं. त्यांचा जन्म त्यानंतरचा, पण त्यांच्या आईने सांगितलेलं त्यांना आठवत होतं. रात्रभर इकडची बाई आणि तिकडची बाई कुंपणापलीकडून एकमेकींना ओरडून विचारायच्या, तुमच्यात पाणी किती चढलं?

"मग तू काय केलंस?" मी विचारलं.

"काय करणार ताई, मग घेतला आणि उपसत बसलो."